कावळ्याने कोणाचा गेस मानला

त्र्यंबक, दहाव्या दिवशी तुझ्या पिंडाला कावळा शिवेना. इथूनच सांगतो, कारण तू गेल्यापासून तिथवरचं मला धड आठवत नाही. तू गेलास ती सकाळ, तुला खांद्यावरून नेलं ते, कोण आलं, कोण काय बोललं, हे सगळं दुसऱ्या कोणी पाहून मला सांगितल्यासारखं वाटतं. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले असतील, गणिताचे मास्तर, काळजाचे घट्ट. काळीज घट्ट नव्हतं, बधिर झालं होतं. अजूनही तसंच आहे. भात खातो तर तो कोमट आहे की गार ते कळत नाही.

वैशाख संपत आला होता. पैनगंगेला वाहतं पाणी नव्हतं, डोह तेवढे उरले होते आणि त्यांतल्या मोठ्या डोहात म्हशी बसल्या होत्या. भटजींनी पिंड मांडून सगळ्यांना मागे सरकवलं. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर भरपूर होते, ओरडत होते, एकमेकांना टोचत होते, पण खाली कोणी उतरत नव्हता. ऊन चढलं. भटजींनी पंचा डोक्यावर ओढला आणि ते म्हणाले, आणखी थोडं थांबू, नाहीतर दर्भाचा कावळा करू. मग अशा वेळी आपल्याकडे जे होतं ते सुरू झालं. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते मागच्यांनी ओळखायचं आणि मोठ्याने बोलून दाखवायचं. बरोबर ओळखलं की कावळा येतो.

आधी तुझे थोरले भाऊ पुढे झाले. अण्णा तुझ्या दुखण्याची चिठ्ठी मिळाली तेव्हा गावाकडची कामं टाकून आले होते, ते परत गेलेच नव्हते. हात जोडून म्हणाले, "त्र्यंबका, बाई-पोरीची काळजी करू नको. मी आहो."

कावळे जागचे हलले नाहीत.

"त्याले भरीत आवडे. भरीत ठेवलं का?" तुझ्या मावसभावाने विचारलं. भरीत ठेवलं होतं. वहिनींनी पहाटे उठून वांगी भाजली होती.

"गयेले जाऊन येऊ रे. श्राद्ध करू," मागून कोणीतरी म्हणालं.

"चष्मा राह्यला असन त्याचा. चष्म्याबिगर त्याले दिसे नाही." यावर एकजण हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

मी मागे उभा होतो आणि माझ्या डोक्यात तुझा एकच इंग्रजी शब्द फिरत होता. गेस. एवढी मोठी माणसं वाळूत उभी राहून गेस करत होती, आणि ज्याला हे पाहून सगळ्यात जास्त मजा वाटली असती तोच तिथे नव्हता.

मेहकरच्या एव्ही, म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर, शाळेत तू इंग्रजी शिकवायचास आणि मी गणित. आपल्या वर्गांमधली भिंत एक, आणि ती कामचलाऊ. माझी पोरं त्रैराशिक मांडत असताना पलीकडून तुझा आवाज यायचा, "कोश मिटा. आधी गेस करा बे. चुकला तं मी हाय." एकदा तू फळ्यावर 'हार्वेस्ट' लिहिलंस आणि धड्यातला तेवढा परिच्छेद वाचून दाखवलास. लोक गाताहेत, घरात गोडधोड होतंय, पाहुणे येताहेत. एक पोरगं उठून म्हणालं, "सर, लगीन." माझ्या वर्गात असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं. तू मात्र भिंतीपलीकडून मला ऐकू येईल इतक्या जोरात खूश झालास. उत्तर चूक आहे, म्हणालास, पण कुठून आलं पाहा. सुगी झाल्याशिवाय कोणाच्या घरी लगीन होतं? त्या दिवसापासून गावात तुझं नाव गेस मास्तर पडलं आणि तुला ते आवडलं.

पुण्याकडचे आपले हेडमास्तर तुझ्यावर नाराज असायचे. एक तर त्यांना तुझी बोली गावंढळ वाटायची, आणि त्यात तू पोरांना अंदाजपंचे बोलायला शिकवतोस हे त्यांना पटायचं नाही. त्यांनी एकदा तुला विचारलं, "या गेसला मराठीत काय म्हणाल तुम्ही?" तू गप्प राहिलास. तू गप्प राहिल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. मग किती तरी संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर बसून आपण तो शब्द शोधत राहिलो. मी म्हणालो, अदमास. तू म्हणालास, अदमास कापसाचा दलाल करतो, गाडीकडे पाहून वजन सांगतो, त्याच्यामागे वीस हंगाम उभे असतात. तर्क म्हणालो तर त्याला खांब लागतात म्हणालास. कयास कचेरीतला. अटकळ जवळची, पण तिला थोडा लबाडीचा वास येतो. शेवटी मी म्हणालो, 'ओळख पाहू'. तू थांबलास. दोन दिवस त्या शब्दावर खूश होतास. तिसऱ्या दिवशी पायऱ्या चढता चढताच मोडून काढलास. "बरोबर आलं तरच आपन ओळखलं म्हनतो. चुकलं तं म्हनतो, याले ओळखता नाही आलं. गेसचं तसं नाही बे गणित्या. गेस चुकला तरी गेस, अन् बरोबर आला तरीबी गेसच."

हे शेवटचं मला पटलं होतं. बरोबर आलेला गेस म्हणजे ज्ञान नव्हे, यावर आपलं कधी भांडण झालं नाही. भांडण होतं ते त्याला किंमत द्यायची की नाही याचं. माझ्या पेपरात एका पोराने व्याजाच्या गणिताचं उत्तर अचूक लिहिलं आणि वर रीत काहीच नाही. मी शून्य दिलं. तू ते पोर घेऊन माझ्या दारात. उत्तर बरोबर आहे ना? आहे. मग अर्धे तरी मार्क दे. रीत कुठे आहे? त्याच्या मनात. मनातलं मला तपासता येत नाही, मी म्हणालो. तू इतका चिडलास की तीन दिवस देवळाकडे आला नाहीस. मग आलास आणि आल्या आल्या तेच भांडण पुढे सुरू केलंस. यंदा परीक्षा संपल्यावर पेपरचे गठ्ठे बांधताना म्हणालास, "सुटी होऊ दे, तुले पटवूनच देतो." सुटी लागली आणि तू तापाने अंथरूण धरलंस. आता अर्धे मार्क द्यावेत की नाही, हे मला कोण पटवून देणार?

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रोज येऊन जायचे. भला माणूस. त्यांनी तुझी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विषमज्वर असावा म्हणाले. तू डोळे उघडून विचारलंस, "डॉक्टर, हे ज्ञान आहे का गेस?" ते थोडे ओशाळले आणि म्हणाले, "खरं सांगू? गेस." तू हसलास. "मंग बरं," म्हणालास. तुझं शुद्धीतलं शेवटचं हसणं मी तेच पाहिलं. त्यानंतर ताप डोक्यात गेला. तू बडबडत होतास, पण त्यात घराचं काही नव्हतं. स्पेलिंगं होती.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. मी लोणारहून बदलून आलो त्या पहिल्या दिवशी तू मला व्हरांड्यात गाठलंस. ओळख ना पाळख. म्हणालास, "तुम्ही जेवले नाही. गेस करतो." आणि माझ्या होकाराची वाट न पाहता घरी घेऊन गेलास. वहिनींनी भाकरी, ठेचा आणि हेच भरीत वाढलं. तुझी इंदू तेव्हा एवढीशी, दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी पोटभर जेवलो. त्र्यंबक, मी खानावळीत जेवून आलो होतो. तुझा गेस साफ चुकला होता आणि इतक्या वर्षांत मी ते तुला सांगितलं नाही. नव्या गावात कोणीतरी आपल्याला जेवायला बोलावतं आहे, याचंच मला इतकं बरं वाटलं होतं. त्या एका चुकीवर माझा सगळा मेहकरचा संसार उभा राहिला. मी तुझा ऋणी आहे, हे साधं वाक्यही तुझ्यासमोर कधी बोललो नाही, कारण तू लगेच टिंगल केली असतीस.

तर तिकडे नदीवर कावळा येत नव्हता. अण्णांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. त्यांचा आवाज फाटला. "इंदूचं लगन याच साली करून देतो, त्र्यंबका. चांगलं घर पाहून देतो. आता तं ये रे बाबू."

ते ऐकलं आणि माझ्या मनात, कोण जाणे कुठून, एक वाक्य उठलं. इंदूचं शिक्षण मी थांबू देणार नाही. ओठ हलले नाहीत. असल्या गोष्टी मी मानत नाही हे तुला माहीत आहे. पण वाक्य मी तुलाच उद्देशून म्हटलं होतं, हेही खरं. त्याच क्षणी डोहातली एक म्हैस पाणी झाडत उठली, बाभळीवरचे कावळे फडफडले आणि त्यांतला एक सरळ खाली उतरून पिंडावर बसला.

अण्णा वाळूतच बसले आणि लहान पोरासारखे रडले. "हेच राह्यलं होतं पा त्याचं," सगळे म्हणाले, "पोरीचं लगन." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण मी वर्गात किती वेळा सांगितली असेल. त्या दिवशी प्रत्यक्ष कावळा समोर असताना ती माझ्या तोंडून निघेना. रडणाऱ्या माणसाला म्हण सांगायची नसते.

तुझी इंदू यंदा चौथी इंग्रजी पास झाली. आपली शाळा तिथेच संपते. तुझ्या वर्गात ती खिडकीजवळच्या वेगळ्या बाकावर एकटी बसायची आणि तू 'गेस करा' म्हणालास की सगळ्यात आधी तिचा हात वर जायचा. अमरावतीच्या मावशीने निरोप पाठवला होता की पोरीला माझ्याकडे ठेवा, इथल्या मुलींच्या शाळेत घालू. त्यावर तू काय ठरवलं होतंस? मला कधी बोलला नाहीस. आपण रोज भेटायचो, शब्दांवर भांडायचो, आणि हे मात्र मी विचारलं नाही. तू ठरवशील असं धरून चाललो होतो. तुलाही वाटलं असेल, सुटी पडलीच आहे.

तेरावा झाल्यावर अण्णांनी मला बोलावून घेतलं. ओसरीवर सतरंजी टाकली होती. तुझी जागा रिकामी ठेवून सगळे बसले होते आणि मी चुकून तिथेच बसायला गेलो. अण्णा म्हणाले, "चिखलीचं स्थळ आलं, मास्तर. घरी सरकीचा व्यापार, पोरगा सालस हाय, देनंघेनं मांगत नाही. कावळ्यानं कौल देल्लाच हाय. तुमी त्याचे दोस्त, तुमाले इचारल्याबिगर कसं करू?"

अण्णांविषयी तुझ्या मनात काही किंतू असेल तर काढून टाक. त्या माणसाला कसलाही लोभ नव्हता. तुला दिलेला शब्द पाळायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मी म्हणालो, "अण्णा, तेव्हा मीही बोललो होतो. मनात. इंदूला शिकवायचं म्हणून."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मनातलं कावळ्याले कसं ऐकू जाईन?"

"मोठ्याने बोललेलं तरी त्याला कसं कळेल?"

हे मी बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला. "तुमचा इश्वास नसन, मास्तर. पन माहा भाऊ होता तो." अण्णांनी सुपारी कातरायला घेतली आणि तशीच ठेवली. "बरं, एक सांगा. तो रोज तुमच्यापाशी बसे. कधी बोलला का तुमाले, का पोरीले पुढं शिकवाचं म्हून? एक डाव जरी बोलला असन तं मी चिखलीवाल्याले नाही म्हनतो. मले काही नाही."

त्र्यंबक, एक 'हो' पुरे होता. तो माणूस माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार होता, आणि आतल्या खोलीत इंदू ऐकत होती हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. माझी जीभ 'हो' म्हणायला वळलीही होती. तू तिला स्वतःच्या वर्गात बसवलंस, तिच्या चुकलेल्या उत्तरांवर खूश झालास, हे सगळं मी पाहिलं होतं. पण तू चुकलेल्या उत्तरांवर सगळ्यांच्याच खूश व्हायचास. 'हो' म्हटलं असतं तर तू जे कधी बोलला नाहीस ते मी तुझ्या तोंडी घातलं असतं, आणि तुझ्या बाबतीत ते माझ्याने होईना.

"नाही," मी म्हणालो. "बोलला नाही. त्याला ती शिकायला हवी होती असा माझा अंदाज आहे."

"मंग अंदाजच झाला न तो," अण्णा म्हणाले. चिडून नाही, थकून म्हणाले. "माहाबी अंदाजच व्हता. पन माह्या अंदाजाले कावळा तरी आला."

मी उठायला लागलो. मला वाटलं, पोरीचं मीच वाटोळं केलं, खरं बोलून. तेवढ्यात दाराआडून वहिनी बोलल्या. तू गेल्यापासून त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. मोठ्या दिरासमोर त्या कधी सरळ बोलल्या नाहीत, त्या दिवशीही माझ्यामार्फतच बोलल्या.

"भाऊजी, अण्णांले सांगा. त्याईच्या मनात काय होतं ते मलेबी ठाऊक नाही. एवढा संसार केला, पन हे मी इचारलं नाही अन् त्याईनं सांगितलं नाही. ते आता कोनीच सांगू शकत नाही. पन मी तं आहो न अजून. माह्या मनात काय हाय, हे कोनी इचारलं का?"

मला निरोप सांगायची गरज पडली नाही. अण्णांनी मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भावजयीला सरळ विचारलं, "बोल माय. तुह्या मनात काय हाय?"

"इंदूले अमरावतीले पाठवाचं. लगन होईन, कुठं पयून जाते? पन आधी शिकू द्याचं."

"पन मी शबूद देल्ला न त्याले. याच साली म्हनलो. तो खोटा पडला तं?"

"तं पाप माह्यावर," वहिनी म्हणाल्या.

अण्णा पागोट्याच्या पदराशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "तुह्यावर काऊन? बोललो मी." त्यांनी इंदूला बाहेर बोलावलं. ती येऊन खांबाशी उभी राहिली. "तुले जायाचं हाय का वं पोरी?"

"हो," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण तिने उत्तराला वेळ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः चिखलीला जाऊन नाही म्हणून आले. तिथे काय बोलले ते मी विचारलं नाही. आल्यावर नदीवर गेले आणि आंघोळ करून आले, एवढं वहिनींनी सांगितलं. त्यांच्या मनाला अजून रुखरुख आहे. रोज सकाळी अंगणात कावळा आला की ते बोलता बोलता थांबतात.

परवा इंदूला अमरावतीला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं. तिच्याबरोबर अण्णा गेले आहेत, मावशीच्या हाती देऊन परत येतील. वहिनी मोटारीपर्यंत आल्या नाहीत, पांढऱ्या कपाळाने वाटे लावायला येऊ नये म्हणाल्या. मी म्हणालो, हे कोणी सांगितलं तुम्हाला? त्या इंदूची शिदोरी बांधायला वळल्या. मोटारीच्या टपावर इंदूची वळकटी बांधत होते तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, आता कोनी नाही इथं. मले खरं सांगा. बाबाले काय वाटे? मी जावं असं वाटे का?"

आता अण्णा ऐकत नव्हते. 'हो' म्हटल्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. उलट पोरीला ते जन्मभर पुरलं असतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुझंच नाक आहे.

"मला माहीत नाही, इंदू," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "मलेबी नाही," म्हणाली, आणि पदराने डोळे न पुसताच मोटारीत चढली. मोटार वळणाआड गेली तेव्हा तू गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. रस्त्यात, बैलगाड्यांच्या मधोमध उभा राहून मी रडलो. लोक पाहत होते. तुला काय हवं होतं ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही, त्र्यंबक, आणि तुझी पोर शिकायला गेली.